बंद पडलेला व्यापार पुन्हा सुरू करायचा खेळ: शीतयुद्धाचा धडा वर्गात असा घेऊन बघा

नववी-दहावीला शीतयुद्ध शिकवताना दोन गट, लोखंडी पडदा, नाटो, वॉर्सा करार असं फळ्यावर लिहून दिलं की मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात, हे मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाला शिकवताना वर्षानुवर्षं बघत आलेय. मुलांना खरा प्रश्न पडतो तो वेगळाच. काल-परवापर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारे देश परत एकमेकांना कोळसा, गहू, विमानं विकायला लागले ते नेमके कसे? पहिला फोन कुणी केला, पैसे कुठल्या नोटांत दिले? ह्याचं उत्तर पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असतं, "संबंध सुधारले" म्हणून. पण संबंध असे आपोआप सुधारत नाहीत, त्यासाठी कुणीतरी बसून कागद लिहिलेला असतो आणि त्या कागदातला एकेक शब्द भांडून ठरवलेला असतो. ते मुलांना हाताने करायला लावायचं, म्हणून मी चार तासांचा हा खेळ बसवला. तुम्हाला घ्यायचा असेल तर कसा घ्यायचा ते सगळं सांगते.

सामान फार लागत नाही. खडू, कोऱ्या चिठ्ठ्या, दोन खोकी आणि माल म्हणून खऱ्या वस्तू: मूठभर सोयाबीन, कोळशाचे तुकडे, खिळे, थोडं खत पुडीत बांधून. खऱ्याच वस्तू आणा बरं का, नुसतं "कोळसा" लिहिलेली चिठ्ठी दिली की मुलं हिशेब करत नाहीत, आणि कोळशाने हात काळे झाले की मात्र भाव करायला लागतात. शिवाय एक जुनी खतावणीची वही मिळाली तर फार चांगलं, रविवार पेठेत किंवा एपीएमसीत कुणाचं अडत दुकान असेल तर त्यांच्याकडे कोऱ्या पानांची जुनी वही सहज मिळते.

खेळाच्या आदल्या दिवशी एकच गृहपाठ द्या. घरातल्या आजी-आजोबांना विचारून यायचं, की गोव्याची वाट बंद होती तेव्हा काय होतं. आपल्या भागात हा प्रश्न सोन्यासारखा आहे. आज चोर्ल्याच्या घाटातनं भाजीच्या गाड्या गोव्याला जातात त्या पोरांनी बघितलेल्या असतात, पण १९५५ मध्ये भारताने पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती आणि कॅसलरॉकवरून पलीकडे जाणारी रेल्वे बंद पडली होती, हे त्यांना माहीतच नसतं. इथला बटाटा तिकडे जायचा थांबला तर गोव्याने काय केलं? हॉलंडहून बटाटा आणला, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून. हे ऐकलं की मुलांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते, की बंदी घातली म्हणून माल थांबत नाही, वाट बदलतो आणि महाग होतो. आणि दुसरी बाजू पण सांगा, की बंदी घालणाऱ्याचाही बाजार जातो. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध परत जुळायला १९७४ चा डिसेंबर उजाडला, तोही पोर्तुगालमधली हुकूमशाही त्याच वर्षी पडली म्हणून.

इथे एक सावधगिरी. आपली मुलं सीमाभागातली आहेत, ती लगेच म्हणणार, "टीचर, म्हणजे आपल्या एसटी बंद पडतात तसं की." २०२२ च्या डिसेंबरात गाड्यांवर दगडफेक होऊन दोन राज्यांमधल्या बस थांबल्या होत्या ते त्यांना चांगलं आठवतं, कुणाचा मामा कोल्हापुरात अडकला होता, कुणाची परीक्षा होती. त्यांना बोलू द्या, पण तुलना तिथेच थांबवा. कर्नाटक आणि महाराष्ट्र एकाच देशातली राज्यं आहेत, शत्रू नाहीत, आपला वाद कोर्टात आहे, आणि वर्गात शेजारच्या बाकावर कानडी घरातलं पोर बसलेलं असतं. पहिल्या वर्षी मी हे आधी स्पष्ट केलं नव्हतं, गटांना नावं पोरांनीच ठेवली आणि दहा मिनिटांत खेळाचं भांडण झालं, एक मुलगी रडत घरी गेली. तेव्हापासून देशांची नावं मीच देते: डोंगरदेश आणि बंदरदेश.

आता मांडणी. वर्गाच्या मधोमध खडूने रेघ मारा. प्रत्येक देशात दोन प्रकारची मुलं, काही सरकार आणि काही व्यापारी. बाजूला तीन-चार मुलांचा दादादेश, जो बंदरदेशाचा पाठीराखा आहे आणि त्याला रागवून चालत नाही. एक बँकवाला, दोन वार्ताहर. दहा वर्षांपूर्वी युद्ध झालंय, आणि आता नियम फक्त तीन: एका सरकारने दुसऱ्या सरकारशी बोलायचं नाही, कागदावर दुसऱ्या देशाच्या सरकारचं नाव लिहायचं नाही कारण ते सरकार आपण मानतच नाही, आणि दादादेशाच्या बंदीच्या यादीतला माल पलीकडे द्यायचा नाही. ह्या तीन नियमांत राहून व्यापार सुरू करून दाखवायचा. बस. खरा इतिहास आधी अजिबात सांगू नका, तासाच्या शेवटची दहा मिनिटं त्यासाठी ठेवा. आधी सांगितलंत तर मुलं तेच उत्तर देतात आणि खेळ संपतो.

पहिला तास: रेघ कोण ओलांडणार

बरीच मिनिटं काहीच होत नाही. सरकारं आपापल्या बाजूला बसून राहतात, आणि तुम्हाला वाटेल खेळ फसला, पण थांबा, मध्ये पडू नका. मग कुणीतरी व्यापारी पोर उठतं आणि विचारतं, "मी गेलो तर चालतंय काय?" चालतंय. नियमात व्यापाऱ्याला बंदी नाहीच. एकदा एका मुलीने याहून हुशारी केली, ती म्हणाली मी दादादेशाकडे जाते म्हणून सांगते आणि तिथनं पलीकडे जाते.

त्या मुलीला मी तासाच्या शेवटी कोरा तोमी ह्या बाईंची गोष्ट सांगितली. १९५२ साल, जपान युद्ध हरलेला, अमेरिकेच्या ताब्यातनं नुकताच सुटत होता, आणि चीनमधल्या नव्या कम्युनिस्ट सरकारला जपान सरकार मानत नव्हतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये मॉस्कोत आंतरराष्ट्रीय आर्थिक परिषद भरली. जपानी संसदेच्या सदस्य असलेल्या कोरा तोमी आणि आणखी दोघे जण सरकारला नको असताना तिथे पोचले, आणि तिथनं तसेच बीजिंगला गेले. १ जून १९५२ ला त्यांनी चीन आणि जपान यांच्यातल्या पहिल्या खाजगी व्यापार करारावर सह्या केल्या, दोन्ही बाजूंनी तीन-तीन कोटी पौंडांचा माल असा आकडा. लक्षात घ्या, जपान सरकारची सही त्यावर नाहीच. प्रत्यक्षात ठरल्यापैकी फार थोडा माल हलला, कारण चीनला हवा होता तो पोलादासारखा माल बंदीच्या यादीत होता. ती यादी अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांची, पॅरिसमधून चालणारी कोकॉम नावाची समिती ठरवायची, आणि चीनसाठीची यादी रशियासाठीच्या यादीपेक्षाही लांबलचक होती. ब्रिटनने १९५७ मध्ये हा जादा भाग मानायचं सोडून दिलं, कारण त्यांच्या कारखान्यांना धंदा हवा होता, आणि मग बाकीचेही हळूहळू त्यांच्या मागून गेले. मुलांना इथे विचारा, माल हललाच नाही तर त्या कराराचा उपयोग काय झाला? माझ्या वर्गात एका मुलाने सांगितलं, वाट पडली. मला ते पटलं.

दुसरा तास: कागदावर काय लिहायचं

हा तास सगळ्यात महत्त्वाचा, ह्याला घाई करू नका, दोन तास गेले तरी चालतील. व्यापाऱ्यांचं तोंडी ठरलेलं असतं, आता कागद करायचा, आणि कागदाच्या मथळ्यावरच सगळं अडतं. "डोंगरदेश सरकार आणि बंदरदेश सरकार यांच्यात" असं लिहिता येत नाही. मुलं चिडतात, मग खोडून खोडून लिहितात. एका गटाने लिहिलं होतं "ओढ्याच्या अलीकडचे व्यापारी आणि पलीकडचे व्यापारी यांच्यात". ओढा कुठून आला विचारलं तर म्हणाले, रेघेला ओढा म्हटला की देशाचं नाव घ्यायला नको.

अगदी हेच जर्मनीत झालं. २० सप्टेंबर १९५१ ला पश्चिम आणि पूर्व जर्मनीने बर्लिनमध्ये व्यापाराचा करार केला, आणि पश्चिम जर्मनीला पूर्व जर्मनी हा देश म्हणून मान्य नव्हता. म्हणून कागदावर देशांची नावंच नाहीत. करार झाला तो पश्चिम मार्क चालतो तो प्रदेश आणि पूर्व मार्क चालतो तो प्रदेश यांच्यात. चलनाच्या नावाने प्रदेश ओळखला, सरकारचं नाव घेतलंच नाही. हा कागद मध्ये भिंत बांधली गेली तरी दोन्ही जर्मनी एक होईपर्यंत टिकला. १९६० च्या सप्टेंबरअखेर पश्चिमेने तो रद्द करायची नोटीस दिली होती, पूर्वेने बर्लिनमधल्या जाण्यायेण्यावर निर्बंध घातले म्हणून, पण १ जानेवारी १९६१ पासून परत चालू, कारण दोघांनाही त्याशिवाय भागत नव्हतं.

जपान आणि चीनने दुसरी युक्ती काढली. ९ नोव्हेंबर १९६२ ला चीनचे लियाव चंगची आणि जपानचे ताकासाकी तात्सुनोसुके ह्या दोघांनी पाच वर्षांच्या व्यापाराच्या टिपणावर सह्या केल्या, करार म्हटलंच नाही, टिपण म्हटलं. दोघांच्या नावांची पहिली इंग्रजी अक्षरं घेऊन त्याला एलटी व्यापार असं नाव पडलं. दोन माणसांच्या नावावर दोन देशांचा व्यापार! मुलांना हे फार आवडतं, पुढचे चार दिवस वर्गात डब्यातली भाजीसुद्धा नावांच्या आद्याक्षरांनी चालते.

आणि अमेरिकेचं सांगितल्याशिवाय हा तास पुरा होत नाही. १९७२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले, शेवटी शांघायमध्ये जे संयुक्त निवेदन निघालं त्यात दोघांनी आपापली मतं वेगवेगळी लिहिली, तुमचं तुम्ही, आमचं आम्ही. तैवानबद्दल, म्हणजे जिथलं वेगळं सरकारही स्वतःला चीनचं सरकार म्हणवत होतं त्या बेटाबद्दल, अमेरिकेने एवढंच लिहिलं की सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंचे चिनी लोक चीन एकच आहे असं म्हणतात याची आम्हाला जाणीव आहे आणि आम्ही त्याला आव्हान देत नाही. मान्य आहे असं कुठे म्हटलेलं नाही. आणि त्याच निवेदनात पुढे व्यापार हळूहळू वाढवायचं कबूल केलं. हे वाक्य फळ्यावर लिहा आणि "जाणीव आहे" च्या जागी "मान्य आहे" घालून बघायला सांगा, काय बिघडतं ते मुलंच सांगतात.

तिसरा तास: पैसे

इथे खतावणीची वही काढायची. डोंगरदेशाकडे बंदरदेशाच्या नोटा नाहीत, आणि एकमेकांच्या नोटा घ्यायला कुणीच तयार नाही. बँकवाल्या पोराला एवढंच सांगा की तुझ्याकडे फक्त वही आहे, गल्ला नाही. अडत दुकानातली मुलं वर्गात असतील तर ती पटकन पकडतात: तुझी पट्टी माझ्याकडे जमा, माझा माल तुझ्याकडे नावे, महिनाअखेर वळतं करायचं, नोट हातात यायलाच नको. बर्लिनच्या करारात हेच होतं, रोख देणं नव्हतं, हिशेबाचं एक एकक ठरवलेलं आणि दोन्हीकडच्या मध्यवर्ती बँका वहीत जमा-नावे करत. एखाद्या वर्षी पूर्वेने जास्त माल घेतला आणि दिला कमी, तर बिनव्याजी उधारीची मर्यादा होती, तिला स्विंग म्हणत. पुढे सत्तरच्या दशकात ही मर्यादा ८५ कोटी एककांपर्यंत गेली. उधारी म्हणजे नुसती मेहेरबानी नव्हे, त्याने माणूस बांधला जातो, हे आपल्याकडच्या किराणा दुकानदाराला सांगायला नको.

उधारीचा मोठा नमुना म्हणून पाईप आणि गॅसचा व्यवहार सांगा. पश्चिम जर्मनी आणि सोव्हिएत रशिया, दुसऱ्या महायुद्धातले कट्टर शत्रू. १९६२ च्या डिसेंबरात नाटोच्या दबावाने जर्मनीने रशियाला मोठ्या व्यासाचे पाईप विकायला बंदी घातली, ती १९६६ ला उठली. मग १ फेब्रुवारी १९७० ला एसेन शहरात करार झाले: मानेसमान ह्या जर्मन कंपनीने पाईप द्यायचे, जर्मन बँकांनी १.२ अब्ज मार्कांचं कर्ज द्यायचं, आणि रशियाने १९७३ पासून वीस वर्षं गॅस द्यायचा, त्या गॅसच्या पैशातनं कर्ज फिटायचं. विश्वास नव्हता म्हणूनच असा व्यवहार बांधला, की मध्येच सोडला तर दोघांचंही नुकसान. मुलांना हे खिळे आणि कोळशावर करून बघू द्या, आज खिळे घे, पुढच्या चार फेऱ्या कोळसा दे.

ह्याच तासाला दादादेशाला उठवा. सरकारी बँकेचं कर्ज वापरलं की दादादेश ओरडणार, खाजगी असेल तर डोळेझाक. १९६३ मध्ये जपानने चीनला व्हिनिलॉन धाग्याचा अख्खा कारखाना उधारीवर विकला, सुमारे २ कोटी डॉलरचा, आणि त्याला सरकारी निर्यात-आयात बँकेचं कर्ज होतं, त्यावरून तैवान इतका भडकला की त्याने टोकियोतला राजदूत परत बोलावला. पुढच्या वर्षी जपानने तैवानला शब्द दिला आणि दुसऱ्या कारखान्याचा व्यवहार अडकला.

चौथा तास: मोडतं कसं आणि जुनी उधारी

सगळं सुरळीत चाललंय असं दिसलं की तुम्ही गुपचूप एका पोराला सांगा, डोंगरदेशाचा झेंडा काढून टाक. काय होतं ते बघा. मुलं खरोखर चिडतात, त्यामुळे हा भाग मधल्या सुट्टीच्या आधी घेऊ नका. २ मे १९५८ ला नागासाकीत एका दुकानात चिनी टपाल तिकिटं आणि कागदी कातरकामाचं प्रदर्शन होतं, तिथे एका तरुणाने चीनचा झेंडा ओढून काढला. पोलिसांनी त्याला लगेच सोडलं, कारण जपान त्या सरकारला मानत नव्हतं, म्हणजे कायद्याने तो परक्या देशाचा झेंडाच नव्हता. चीनने सगळा व्यापार तोडला. दुसऱ्या तासाला नाव न लिहिण्याची जी युक्ती मुलांना मजेची वाटली होती, तिचीच ही दुसरी बाजू, आणि ही मुलांना दाखवलीच पाहिजे. नाव टाळून माल हलवता येतो, मान राखता येत नाही. मोठ्या प्रमाणावर परत सुरू व्हायला जवळपास साडेचार वर्षं लागली, तोच तो एलटी व्यापार.

मग जुनी उधारी. दोन्ही देशांच्या खोक्यांत मी सुरुवातीलाच एकेक बंद पाकीट ठेवते, ते आता उघडायचं. आत लिहिलेलं असतं: युद्धाच्या वेळी पलीकडच्यांनी तुमची दुकानं जप्त केली, त्यांची भरपाई मिळालेली नाही. १९५० च्या डिसेंबरात कोरियाच्या युद्धामुळे अमेरिकेने चीनशी व्यापार पूर्ण तोडला आणि चिनी पैसा गोठवला, चीनने तिथल्या अमेरिकन मालमत्ता ताब्यात घेतल्या. पुढे बंदी सुटत गेली ती थेंबाथेंबाने. १९६९ च्या जुलैत प्रवाशाला १०० डॉलरपर्यंतच्या चिनी वस्तू आणायची मुभा, १९७१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचा टेबल टेनिसचा संघ बीजिंगला पोचला आणि त्याच आठवड्यात निक्सननी सवलती जाहीर केल्या, १० जूनला विकायला मोकळ्या मालाची यादी आली. १९७२ मध्ये चीनने बोइंगची दहा विमानंही घेतली. पण जुना दावा तसाच लटकलेला, त्यामुळे चिनी जहाज अमेरिकन बंदरात आलं तर कुणी दावेदार कोर्टात जाऊन ते जप्त करायची भीती, थेट बँक व्यवहार नाही. तो दावा मिटला १९७९ च्या मे महिन्यात: मागणी होती सुमारे १९.७ कोटी डॉलरची, मिटवलं ८.०५ कोटींत, ३ कोटी लगेच ऑक्टोबरात आणि बाकीचे पाच वार्षिक हप्त्यांत. त्यानंतर लगेच जुलैत व्यापार करारावर सही झाली. मुलांना हा आकडा न सांगता पाकिटातला दावा मिटवायला लावा. रुपयाला चाळीस पैशांच्या आसपास जो गट येतो त्याला मी पूर्ण गुण देते, पण जो गट "काहीच नको, विसरून जाऊ" म्हणतो त्याला विचारते, ज्याचं दुकान गेलं त्याला विचारलंस काय?

गुण देताना किती माल हलला ते मोजू नका. कागद वाचा. दोन्ही सरकारं तो आपापल्या लोकांसमोर मोठ्याने वाचू शकतील काय, एवढंच बघा, आणि वार्ताहर मुलांना तो खरोखर वाचायला लावा.

शेवटचा गृहपाठ आपल्या देशातला. १९६२ च्या युद्धानंतर बंद झालेली सिक्कीममधली नाथू ला खिंड ६ जुलै २००६ ला व्यापारासाठी उघडली, चव्वेचाळीस वर्षांनी, १४,००० फुटांच्याही वर. सुरुवातीला आपल्याकडून जायच्या २९ वस्तू आणि तिकडून यायच्या १५ वस्तू अशी ठरलेली यादी होती. तिकडून यायच्या यादीत लोकर, कच्चं रेशीम, याकच्या शेपट्या, मीठ, घोडे, बकऱ्या. आपल्याकडच्या यादीत चहा, तांदूळ, घोंगड्या, आणि गूळ, तंबाखू, तपकीरसुद्धा. निपाणीकडच्या शाळेत हा खेळ घेणार असाल तर ही यादी फळ्यावर लिहाच, तंबाखूचं नाव आलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात. प्रत्येकाने त्यातली एक वस्तू निवडायची आणि ती आपल्या गावातनं खिंडीपर्यंत न्यायला कुणाकुणाची सही लागेल, पैसे कशात घेणार आणि माल परत आला तर काय करणार, ते एका पानावर लिहून आणायचं. दोन दिवस द्या, एका दिवसात होत नाही, घरच्यांना विचारावं लागतं.